ओव्याचं फूल आणि पिंपरीची माती

ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. तिन्ही वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळतात, तिन्ही पांढऱ्या आणि कोरड्याठाक. सारख्या वजनाने एका बाटलीत भरा, घट्ट बूच लावा आणि हलवत राहा. पाण्याचा थेंब घालायचा नाही, आच दाखवायची नाही. बघता बघता खडे ओलसर दिसू लागतात, एकमेकांना चिकटतात, आणि शेवटी बाटलीत उरतं ते नितळ, पातळ, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासाचं तेल. घरोघरच्या फडताळात असणारी अमृतधारा ती हीच. लाहोरच्या पंडित ठाकुर दत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव देशभर पोचवलं.

आता आकडे बघा. ओव्याचं फूल ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पुदिन्याचं ४२ अंशांना. कापूर तर १७५ अंशांच्याही वर. मग तिघं मिळून खोलीच्या साध्या तापमानाला पाणी-पाणी कशी होतात? स्फटिक टिकतो तो एकाच घडणीचे असंख्य रेणू शिस्तीत रचले जातात म्हणून. त्यांत वेगळ्या अंगकाठीचा रेणू शिरला की रचना जमत नाही. शिवाय ओव्याच्या फुलाच्या रेणूत ऑक्सिजनला लटकलेला एक हायड्रोजन असतो. तो पुदिन्याच्या आणि कापराच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि आपल्या जातभाईंना सोडतो. तिघांनीही एकमेकांची शिस्त मोडलेली असते, म्हणून तिघंही द्रव होतात.

शेजाऱ्याची शिस्त मोडण्याची ही खोड लक्षात ठेवायची. वासाच्या वनस्पती जंतूंना मारतात ते मुख्यतः याच खोडीच्या जोरावर.

ओव्याचं फूल म्हणजे रसायनशास्त्रातलं थायमॉल. युरोपात ते १७१९ मध्ये कास्पर नॉयमान या जर्मन औषधशास्त्रज्ञाने थाइम नावाच्या झुडपातून वेगळं केलं. आपल्याकडे ते ओव्यातून निघे आणि वाण्याकडे उघड विकलं जाई. फ्लूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’ या औषधी वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथात चक्क पुण्याच्या दुकानांचा उल्लेख आहे. पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांत हे फूल विकायला असतं, आणि ते उज्जैनला व मध्य भारतात ओव्याचं तेल थंड जागी उघडं ठेवून तयार करतात, अशी ती नोंद. ओव्याचं फूल आणि थाइममधले स्फटिक एकच पदार्थ आहे, हे १८५५-५६ च्या सुमारास स्टेनहाउस आणि हेन्स यांनी सिद्ध केलं होतं. पुढे जर्मनीतले कारखाने भारतातून ओवा मागवून थायमॉल काढू लागले. पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली आणि थायमॉलची टंचाई झाली, कारण एव्हाना ते पोटातल्या अंकुशकृमींवरचं जगभरचं औषध बनलं होतं. लहान मुलाच्या जंतांवर ओवा देणारी आजी आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतमजुरांना थायमॉलच्या मोठ्या मात्रा देणारी रॉकफेलर यांच्या पैशावरची मोहीम, दोघं एकाच रेणूवर विसंबून होती. फरक मात्रेचा. त्या मोहिमेतल्या रोग्यांना सक्त ताकीद असे की औषध घेतल्यावर दारू नाही, तेल-तूप नाही. कृमी आतड्यात असतात. थायमॉल तिथेच राहिलं तर बरं. तेलात किंवा दारूत विरघळून ते रक्तात शिरलं तर कृमींऐवजी माणूस दगावायचा.

तेलात झटकन विरघळणारं, पाण्यात जेमतेम. एक लिटर पाण्यात फार तर ग्रॅमभर थायमॉल मावतं. या एका स्वभावातून पुढची सगळी कथा निघते.

पण आधी हे रेणू बनतात कसे ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. वनस्पती पाच कार्बन अणूंचा एक छोटा तुकडा तयार करते, आयसोप्रीन या नावाच्या सांगाड्याचा. असे दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचा रेणू. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, कापूर, निलगिरीच्या तेलातलं सिनिओल, गवती चहातलं सिट्रल हे सगळे दहा कार्बनवाले. तीन तुकडे जोडले की पंधरा. तुळशीत, लवंगेत आणि मिऱ्यात सापडणारं कॅरिओफिलीन त्यांतलं. सहा जोडून वळवून, थोडं छाटून कोलेस्टेरॉल होतं. आठ जोडले की गाजराचा केशरी रंग. आणि हजारोंनी जोडत गेलं की रबर. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून रोज ज्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडतात, त्यांच्या टायरमधलं नैसर्गिक रबर हा त्याच पाच कार्बनी तुकड्याचा लांबलचक अवतार आहे. हा तुकड्यांचा नियम लिओपोल्ड रुझिच्का यांनी मांडला. त्यांना १९३९ चं नोबेल मिळालं, आणि त्याआधी याच सुगंधी रेणूंची गुंतवळ सोडवणाऱ्या ओटो वालाख यांना १९१० चं. आपल्याकडे या विद्येचं मोठं घर पिंपरीपासून फार लांब नाही. पुण्याच्या पाषाणला १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांनी चीडाच्या तेलापासून गुग्गुळापर्यंत अनेक देशी वनस्पतींतल्या अशा रेणूंची घडण उलगडली.

घडणीत तसूभर फरक पडला तर काय होतं, याचा एक नमुना बाळंतिणीच्या सुपारीत सापडतो. बाळंतशेपांच्या वासातला मुख्य रेणू कार्वोन. पहाडी पुदिन्याचा, म्हणजे पेपरमिंट नव्हे तर स्पिअरमिंटच्या च्युइंगगमचा जो वास, तोही कार्वोनच. अणू तेवढेच, जोडणी तीच. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. नाकाला एवढं पुरतं. एकाला ते शेपा म्हणतं, दुसऱ्याला पुदिना.

वनस्पती हे तेल सांभाळून ठेवते, कारण ते तिच्या स्वतःच्या पेशींनाही सोसणारं नाही. ज्याला आपण ओव्याचं बी म्हणतो ते खरं तर फळ. त्याच्या सालीत बारीक नळ्या असतात आणि तेल त्यांत कोंडलेलं असतं. म्हणून फोडणीत टाकण्याआधी ओवा तळहातावर चुरडतात. तुळशीच्या पानावर सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांच्या डोक्यावर पातळ पडद्याखाली तेल साठतं, आणि पान खुडलं की पडदा फुटतो. चाकणच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात तो कांदा तर आणखी धूर्त. त्याचं तेल आयसोप्रीनच्या कुळातलं नाही, गंधकाच्या कुळातलं. आणि ते तो तयार करून ठेवतच नाही. कच्चा माल पेशीच्या एका कप्प्यात, विकर दुसऱ्या कप्प्यात. सुरी चालली की दोन्ही भेटतात आणि क्षणात झोंबरी वाफ तयार होते. डोळ्यांत पाणी आणणारा रेणू घडवण्यासाठी कांद्यात स्वतंत्र विकर आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. कीड चावली, बुरशीचा धागा आत शिरला की नेमका तिथेच स्फोट. आपण कांदा चिरतो तेव्हा कांद्याच्या लेखी आपणही एक कीडच.

हे तेल काढायचं कसं? लवंगेतलं युजेनॉल उकळतं २५४ अंशांना. एवढं तापवलं तर लवंग करपेल आणि तेलाची वाट लागेल. तरी शेकडो वर्षं भट्टीवाले साध्या पाण्याच्या वाफेने ते काढत आले, आणि तेही १०० अंशांच्या आत. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून भांड्यात दोघंही जणू दुसरा नाहीच अशा थाटात आपापली वाफ सोडतात. दोन्ही वाफांचे दाब मिळून हवेच्या दाबाइतके झाले की मिश्रण उकळू लागतं. पाण्याला आपल्या हिश्शाचा दाब थोडा कमी पडला तरी चालतं, म्हणून शंभराच्या जरा आधीच उकळी फुटते आणि तेलाचे रेणू वाफेवर स्वार होऊन निघतात. थंड नळीत वाफेचं पाणी होतं आणि तेल वर तरंगतं (लवंगेचं मात्र तळाशी बसतं, ते पाण्याहून जड). सर्दीत ओवा घालून वाफारा घेणारा माणूस डोक्यावरून चादर ओढून हीच क्रिया करत असतो, फक्त थंड नळीच्या जागी त्याचं नाक असतं.

खानदेशात या भट्ट्यांचा मोठा धंदा होता. आजच्या धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवतं. ते कापून, तिथेच ओढ्याकाठी भट्टी लावून तेल काढत. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचा रेणू भरपूर, तीन-चतुर्थांशाहून जास्त, आणि गुलाबाच्या अत्तरातही हाच एक मुख्य रेणू. त्यामुळे मुंबई बंदरातून हे तेल तुर्कस्तानकडे जाई आणि बाल्कन प्रदेशातल्या महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळलं जाई. युरोपातल्या किती उंची रुमालांना सातपुड्याच्या गवताचा वास येत असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ठेवायला हवा होता असं मला वाटतं.

आता जंतूंकडे वळू. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोत एका मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि जखम चिघळली नाही. तेव्हापासून कार्बोलिक, म्हणजे फिनॉल, हे जंतुनाशकांचं प्रमाण ठरलं. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईची गटारं त्यानेच धुतली गेली. प्रत्येक नव्या जंतुनाशकाची ताकद पुढे ‘फिनॉलच्या किती पट’ अशीच मोजली जाऊ लागली.

थायमॉल हे फिनॉलच आहे, दोन जादा फांद्या फुटलेलं. मधलं कार्बनचं षटकोनी कडं तेच, त्याला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी तीच. फक्त कड्याला एका बाजूला एक कार्बन आणि दुसऱ्या बाजूला तीन कार्बन जास्तीचे लागले आहेत. या फांद्या स्वतः काही मारत नाहीत, पण त्यांच्यामुळे रेणू तेलकट होतो. साधं फिनॉल लिटरभर पाण्यात ८० ग्रॅमपर्यंत विरघळतं, थायमॉल ग्रॅमभरच. पाण्यात करमत नाही म्हणून ते समोर येईल त्या तेलकट जागेत घुसतं, आणि जंतूच्या अंगावर अशी जागा एकच असते. त्याचं पेशीआवरण.

हे आवरण म्हणजे मेदाच्या रेणूंच्या दोन रांगा, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांमध्ये कुणी जाडजूड पाहुण्याने येऊन मध्येच फतकल मारावी, आणि पाठोपाठ त्याचे वीस भाऊबंद यावेत, तसं थायमॉल त्या रांगांत शिरतं. रांग फुगते, वाकडी होते, फटी पडतात. जीवाणू जगतो तो या आवरणाच्या दोन बाजूंना हायड्रोजन आयनांचा चढ-उतार राखून. त्या उतारावरून आयन आत येतात तेव्हा त्याची ऊर्जा तयार होते. फटी पडल्या की पोटॅशियम बाहेर गळू लागतं, हायड्रोजन हवा तिथून आत शिरतो आणि ऊर्जेचं दुकान बसतं. थायमॉलची ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी इथे दुसरं काम करते. आवरणाच्या एका बाजूला ती आपला हायड्रोजन सोडते, दुसऱ्या बाजूचा उचलते, असं वाहतुकीचं काम करून उरलासुरला उतारही सपाट करते. थायमॉलचं सख्खं भावंड कार्वाक्रॉल आहे, त्याच्यावर हे फार सुबक रीतीने तपासलं गेलंय. त्याच्या हायड्रोजनच्या जागी दुसरा गट बसवला की रेणू तेवढाच तेलकट राहतो, पण जंतू मारण्याची धार बोथट होते.

ओव्याच्या तेलात आणखी एक पात्र असतं, पॅरा-सायमीन. थायमॉलचाच सांगाडा, ऑक्सिजन वजा. एकटं ते फारसं काही करत नाही. पण ते आवरणात शिरून ते फुगवतं आणि फिनॉलच्या भावंडांना आत यायला वाट मोकळी करतं. म्हणूनच आख्ख्या तेलाचा परिणाम कधी कधी त्यातल्या शुद्ध घटकापेक्षा वरचढ दिसतो. ‘नैसर्गिक म्हणून चांगलं’ असल्या भोंगळ वाक्यामागे क्वचित एखादं खरं कारण असतं, त्यांतलं हे एक.

आणि आता पिंपरी. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थानिकांच्या तोंडी ‘एच. ए. कंपनी’. १० मार्च १९५४ ला स्थापन झालेली, औषधं बनवणारी सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, आणि पेनिसिलिन देशात बनलंच पाहिजे असा ध्यास घेणाऱ्यांत हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिब सिंग सोखी आघाडीवर होते. त्याआधी दहाच वर्षं, फेब्रुवारी १९४४ मध्ये, पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा मृत्युशय्येवर होत्या तेव्हा त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने आणवावं लागलं होतं. गांधीजींनी सुया टोचायला नको म्हटलं आणि ते वापरलं गेलं नाही. १९५५ पासून ते पिंपरीत तयार होऊ लागलं.

पेनिसिलिन हेही एका सजीवाने जंतूंविरुद्ध घडवलेलं रसायन, ओव्याच्या फुलासारखंच. बुरशीने घडवलेलं, एवढाच तपशील वेगळा. पण लढण्याची रीत अगदी उलटी. जीवाणूच्या आवरणाबाहेर एक टणक भिंत असते. ती विणताना शेवटचे टाके घालणारं एक विकर असतं. पेनिसिलिन फक्त त्या विकराला जाऊन चिकटतं. भिंत अपुरी राहते आणि जीवाणू स्वतःच्या आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, त्यामुळे पेनिसिलिनला आपल्यात मोडण्यासारखं काही सापडत नाही. नाजूक जातीच्या स्ट्रेप्टोकोकसला रोखायला मिलिलिटरमागे एका मायक्रोग्रॅमचा शंभरावा भाग पेनिसिलिन पुरतं. थायमॉल लागतं शेकडो मायक्रोग्रॅम, म्हणजे हजारो पटींनी जास्त. आणि मेदाचं आवरण तर प्रत्येक पेशीला असतं, जंतूच्या तशीच आपल्याही. ओव्याचं फूल जिभेवर ठेवलं की जी आग होते, ती आपल्याच पेशींची तक्रार असते.

वासाच्या तेलांची खरी कर्तबगारी कुठे आणि पोकळ बढाई कुठे, हे इथे स्पष्ट होतं. जिथे तेल गाढ स्वरूपात जंतूवर थेट पोचतं, तिथे ते चोख काम करतं. तोंडात: चुळा भरायच्या औषधांत थायमॉल, पुदिनफूल आणि सिनिओल असतं ते शोभेला नव्हे. दातात: युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड कालवून दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात, आणि दवाखान्यात पाऊल टाकताच येणारा तो वास लवंगेचाच. तिथे युजेनॉल दुहेरी कामाचं, कारण ते नसांमधल्या सोडियमच्या वाटा रोखून ठणकाही कमी करतं. अभिलेखागारांत बुरशी लागलेले कागद पेटीत ठेवून खाली थायमॉल मंद तापवतात, वाफ पानापानांत शिरते आणि शाईला पाणी लागत नाही. मधमाश्यांच्या पेटीत परोपजीवी कोळ्यांवरही थायमॉलची वाफ चालते.

पण फुप्फुसाच्या खोल भागातल्या किंवा रक्तातल्या जंतूपर्यंत शेकडो मायक्रोग्रॅम पोचवायचे तर वाटेतल्या आपल्याच पेशी आधी बळी पडतील. कोविडच्या लाटेत कापूर, ओवा आणि लवंग पुरचुंडीत बांधून हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे निरोप फोनोफोनी फिरले. वाढत नाही. पुदिन्याचं फूल आणि कापूर नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतात. मेंदूला वाटतं गार हवा भरपूर येतेय, प्रत्यक्षात बंद नाक तेवढंच बंद असतं. बरं वाटणं खोटं नाही, पण तो उपचारही नाही. आणि एक गोष्ट ठणकावून सांगायलाच हवी: कापूर पोटात गेला तर लहान मुलांना आकडी येऊ शकते, निलगिरीचं तेल पिण्यात आलं तर जीवावर बेततं. देव्हाऱ्यातली कापराची डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

जंतूही काही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. पेनिसिलिन तोडणारं जीवाणूंचं विकर १९४० मध्येच, औषध बाजारात येण्याआधी सापडलं होतं. नेमक्या एका जागी मारा करणाऱ्या औषधाला चुकवायला एक नेमका बदल पुरतो. थायमॉल पंगतच उधळतं, त्याला चुकवणं अवघड. तरी काही जीवाणूंच्या मेदाच्या आवरणाबाहेर आणखी एक आवरण असतं, साखरेच्या साखळ्यांनी माखलेलं, आणि तेलकट पाहुण्यांना तिथेच अडवलं जातं. ओल्या जखमांत आणि सांडपाण्यात राहणारा स्यूडोमोनास तर आत शिरलेले रेणू उपसून बाहेर फेकतो. सगळ्या वासाच्या तेलांना पुरून उरणारा म्हणून तो प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे.

पिंपरीची गोष्ट मात्र पेनिसिलिनपाशी संपत नाही. कंपनीच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी पिंपरीच्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जीवाणू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याच्यापासून १९६० च्या सुमारास बुरशीवरचं एक औषध मिळालं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून ते हॅमायसिन झालं. भारतात शोधल्या गेलेल्या आणि रुग्णांवर वापरल्या गेलेल्या सुरुवातीच्या प्रतिजैविकांपैकी हे एक.

हॅमायसिन मारतं कसं? बुरशीच्या पेशीआवरणात शिरून. म्हणजे रीत ओव्याची, पण नेम पेनिसिलिनचा. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा रेणू असतो, आपल्या आवरणात त्या जागी कोलेस्टेरॉल. हॅमायसिनचा लांबट रेणू अर्गोस्टेरॉलला घट्ट धरतो आणि आवरणाची वाट लावतो. अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही त्याच पाच कार्बनी तुकड्यांतून बनतात, सहा-सहा तुकडे जोडून. एवढ्या जवळच्या नात्यामुळे ओळख पटवण्यात थोडी चूक होतेच, म्हणून या कुळातली औषधं माणसालाही जरा जडच जातात.

हे स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू स्वतःही वास घडवतात. पहिल्या पावसात मातीला येणारा वास मुख्यतः त्यांचा, जिओस्मिन या रेणूचा. १९६५ मध्ये गर्बर आणि लेशेव्हालिए यांनी तो वेगळा केला. तीन आयसोप्रीन तुकड्यांपासून सुरुवात करून, काही कार्बन गाळून तो बनतो, म्हणजे ओवा-कापराच्याच कुळातला. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पिंपरीत १९६० च्या दशकात ज्या जीवाणूपासून क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं तो स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस, त्याच्याकडेही हा वास घडवण्याचं विकर आहे. हेच जीवाणू २-मिथाइल-आयसोबॉर्निऑल नावाचा आणखी एक रेणू सोडतात. नाव लांबलचक, पण घडण बघितली तर तो भीमसेनी कापराचा, म्हणजे बॉर्निऑलचा, चुलतभाऊ. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला कधी कधी जो कुबट वास येतो, त्यात त्याचा हात असतो. हे वास कशासाठी? २०२० मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की मातीतले बारीक, उड्या मारणारे, कीटकांसारखे जीव या वासाकडे खेचले जातात, जीवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले त्यांचे बीजाणू दूरवर नेऊन पोचवतात. ओव्याने तुकडे जोडले ते खाणाऱ्याला पळवायला, आणि मातीतल्या जीवाणूने तेच तुकडे जोडले ते खाणाऱ्याला बोलवायला.

मघाच्या स्यूडोमोनासचा एक भाऊबंद याच्याही पुढे गेलाय. स्यूडोमोनास प्युटिडाच्या काही जातींना कापूर अन्न म्हणून पुरतो. दुसरं काहीही न देता फक्त कापरावर त्या वाढतात. कापराच्या रेणूला ऑक्सिजनचा पहिला चावा घेणारं त्यांचं विकर सायटोक्रोम पी-४५० या प्रचंड घराण्यातलं, आणि त्या घराण्यातलं ज्याची त्रिमितीय रचना सर्वांत आधी, १९८० च्या दशकात, उलगडली ते हेच. ओव्याच्या आणि थाइमच्या कुळांत थायमॉलला तो घातक ऑक्सिजन चिकटवण्याचं कामही याच घराण्यातलं विकर करतं. आणि आपल्या यकृतातही त्या घराण्याचे सदस्य डझनांनी आहेत. आपण कापराचा अंश गिळला तर तेच त्याला ऑक्सिजन लावतात आणि बाहेर काढायच्या वाटेला लावतात. थायमॉलला आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला थेट गंधकाचा किंवा साखरेच्या आम्लाचा गट चिकटवला जातो. मग ते पाण्यात सुखाने विरघळतं आणि पेशीआवरणात शिरण्याची त्याची इच्छाच संपते. माणसांना थाइमच्या अर्काची गोळी देऊन पुढे त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा मोकळं थायमॉल सापडलंच नाही. वीस मिनिटांत रक्तात दिसू लागलं ते गंधक लावून निरुपद्रवी केलेलं थायमॉल, आणि दिवसभरात त्याचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडला.